प्रवेश मिळतो, पण परीक्षा संपत नाही

हार्वर्डमध्ये हल्ली शंभर अर्जांमागे तीन-चार जणांना प्रवेश मिळतो. येल, प्रिन्स्टन, कोलंबिया, स्टॅनफर्ड यांचंही साधारण तसंच आहे. हा आकडा जितका लहान तितकं विद्यापीठ थोर, असं सगळ्यांनीच गृहीत धरलंय. आईवडिलांनी, मुलांनी, वर्तमानपत्रांनी आणि खुद्द विद्यापीठांनीही. मला हे पटत नाही. किती जणांना दारातून परत पाठवलं यावर विद्यापीठाची पत ठरायला लागली, की आत काय शिकवलं जातं हे विचारणारं कुणी उरत नाही. गेल्या वीसेक वर्षांत जगातल्या या नामवंत विद्यापीठांचा स्वभाव बदललाय तो इथेच. मुलं निवडण्याचं काम मुलांना शिकवण्याच्या कामाला गिळत चाललंय.

पूर्वी सगळं छान होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट निवडीच्या या वेडाचं मूळ त्या 'पूर्वी'मध्येच आहे.

१९२२ साली लॉरेन्स लोवेल हे हार्वर्डचे अध्यक्ष होते. तोपर्यंत हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण एक पंचमांशाच्या घरात गेलं होतं आणि लोवेल यांना ते खुपत होतं. त्यांनी सरळ कोटा सुचवला. प्राध्यापकांनी तो फेटाळला. मग तेच काम आडवाटेने झालं. नुसत्या गुणांवर प्रवेश देणं मागे पडलं आणि 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', मुलगा देशाच्या कुठल्या भागातला, हे पाहायला सुरुवात झाली. अर्जासोबत फोटोही मागू लागले. ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण घसरलं आणि कागदोपत्री कोटा कुठेच नव्हता. गुणांचं कसं, ते समोर दिसतात, त्यावर भांडता येतं. 'तुमच्या मुलाचं व्यक्तिमत्त्व आम्हाला भावलं नाही' यावर कोण काय बोलणार?

आज ज्याला 'संपूर्ण माणूस पाहून प्रवेश' म्हणतात, त्याच्या मुळाशी हा इतिहास आहे. हेतू आता वेगळे आहेत, हे मला मान्य आहे. पण ते हत्यार तेच राहिलं. प्रवेशात भेदभाव केल्याच्या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्याची २०१८ मध्ये सुनावणी झाली, तेव्हा असं समोर आलं की आशियाई वंशाच्या अर्जदारांना अभ्यासात उत्तम गुण असूनही 'व्यक्तिमत्त्वा'च्या रकान्यात सरासरी कमी गुण मिळत होते. शंभर वर्षं उलटली तरी रकाना तोच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी आणली, पण व्यक्तिमत्त्व जोखण्याची पद्धत तशीच चालू आहे.

दरम्यान दारं उघडली हेही खरं, आणि ती आपोआप उघडली नाहीत. हार्वर्डचे पुढचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९३४ पासून दूरदूरच्या हुशार मुलांसाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं. येल आणि प्रिन्स्टनच्या पदवी वर्गात मुली बसल्या त्या १९६९ मध्ये. मी त्या काळात असते तर यातल्या बहुतेक ठिकाणी मला फाटकाबाहेरच उभं राहावं लागलं असतं. त्यामुळे जुन्या हिरवळीच्या आणि दगडी इमारतींच्या आठवणींनी कुणी गहिवरलं, तर मला त्यात सामील होता येत नाही.

मग दार उघडल्यावर न्याय आला का? थोडाच. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेली आकडेवारी मला विसरता येत नाही. अमेरिकेतल्या ३८ महाविद्यालयांत सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं, खालच्या ६० टक्के घरांतल्या मुलांपेक्षा जास्त होती. आयव्ही लीग म्हणजे हार्वर्ड, येल यांसारख्या जुन्या नामवंत विद्यापीठांचा गट; त्यातली आठपैकी पाच विद्यापीठं त्या यादीत होती. त्यांच्याच २०२३ च्या अभ्यासात आणखी पुढचं दिसलं. प्रवेश परीक्षेत दोघांना सारखेच गुण असले, तरी वरच्या १ टक्क्यातलं मूल अशा विद्यापीठात शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून जास्त. प्रवेशात त्यांना झुकतं माप मिळण्याची कारणं तीन: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं प्राधान्य, खेळाडूंच्या राखीव जागा आणि पुन्हा तेच, अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेले गुण. खेळाडू म्हटल्यावर गरीब घरातला धावपटू डोळ्यांसमोर येतो. पण तलवारबाजी, वल्हवणं, स्क्वॉश हेही खेळ त्यात असतात, आणि ते कोणाच्या मुलांना परवडतात हे सांगायला नको.

हे सगळं प्रवेशाबद्दल झालं, आणि त्यावर पुष्कळ लोक लिहितात. मला जास्त काळजी आहे ती प्रवेश मिळाल्यानंतरच्या चार वर्षांची.

माझ्या मैत्रिणीची मुलगी अशाच एका विद्यापीठात शिकते. पहिल्या वर्षी तिने विद्यार्थ्यांच्या एका क्लबसाठी अर्ज केला. छोट्या सेवाभावी संस्थांना फुकट सल्ला देणारा क्लब. आधी फॉर्म, मग मुलाखत, मग आणखी एक मुलाखत. त्यात एका कंपनीची अडचण समोर ठेवून वीस मिनिटांत उत्तर मागितलं. मुलाखत घेणारे तिच्याहून एक-दोन वर्षांनी मोठे, कडक इस्त्रीचे कपडे घालून बसलेले. चार दिवसांनी मेल आली: यंदा अर्ज फारच दर्जेदार होते, क्षमस्व. मला फोनवर म्हणाली, "मावशी, मला तेच तर शिकायचं होतं. पण ज्यांना ते आधीच येतं त्यांनाच हे लोक घेतात."

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. विद्यापीठ म्हणजे जे येत नाही ते शिकण्याची जागा, एवढी साधी गोष्ट. एकोणीस वर्षांची मुलं एकमेकांच्या मुलाखती घेतायत आणि एकमेकांना नाकारतायत, कारण नाकारण्यातून प्रतिष्ठा येते हे त्यांनी विद्यापीठाकडूनच शिकलेलं आहे. त्यांना तरी दोष कसा द्यायचा?

आता याच्या जोडीला वर्गातली परिस्थिती बघा. हार्वर्डच्याच २०२५ च्या अहवालानुसार पदवीच्या वर्गांत दिल्या जाणाऱ्या श्रेणींपैकी सुमारे ६० टक्के 'ए' होत्या. २००५ मध्ये हे प्रमाण पाव हिस्सा होतं. येलमध्ये २०२२-२३ साली 'ए' आणि 'ए उणे' मिळून जवळपास ७९ टक्के होते. मुलं हुशार आहेत, मान्य. पण वीस वर्षांत ती इतकी हुशार झाली नाहीत. मी स्वतः शिकवते, त्यामुळे हे कसं होतं ते मला कळतं. समोर बसलेल्या मुलाने आयुष्यात 'बी' पाहिलेला नसतो. सत्र संपताना तो तुमचंही मूल्यमापन करणार असतो. तुमची नोकरी कंत्राटी असेल तर त्या मूल्यमापनावर पुढचं कंत्राट अवलंबून असतं. शेजारच्या वर्गात सगळ्यांना 'ए' मिळतोय. अशा वेळी निबंधाखाली 'मांडणी कच्ची आहे, पुन्हा लिही' असं लिहून 'बी' द्यायला हिंमत लागते, वेळ लागतो, आणि नंतर भेटायला येणाऱ्या मुलाशी अर्धा तास बोलावं लागतं. 'ए' दिला की विषय संपतो.

आणि सगळ्यांनाच 'ए' मिळाल्यावर वर्गाला काही किंमतच राहत नाही. मग मुलं वेगळी दिसणार कशी? क्लबने, पदांनी, इंटर्नशिपने. म्हणून वर्गात सढळ हाताने गुण मिळतात आणि वर्गाबाहेर जीवघेणी चुरस. हे दोन वेगळे आजार नाहीत. वर्ग जितका सोपा होत जातो तितकी बाहेरची शर्यत कठीण होते, आणि मुलाचा वेळ, झोप, उत्सुकता सगळं त्या शर्यतीला जातं. कोलंबिया विद्यापीठाच्या कोलंबिया कॉलेजात १९३७ पासून पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना होमरपासून सुरुवात करून अभिजात साहित्य सलग वाचावं लागतं. तिथलेच प्राध्यापक आता जाहीरपणे सांगतात, की आठवड्याला एक पुस्तक पुरं करणं मुलांना झेपत नाही. काहींनी शाळेत एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचलेलं नसतं.

याच्या उलट ऑक्सफर्डची ट्युटोरियल पद्धत मला अजूनही मोलाची वाटते. दोन-तीन विद्यार्थी, एक शिक्षक, आठवड्याचा निबंध. "हे वाक्य तू का लिहिलंस?" असं विचारल्यावर लपायला जागा नसते. ही पद्धत खर्चिक आहे, तिच्याही तक्रारी आहेत, आणि ऑक्सफर्डच्या प्रवेशातही खासगी शाळांतली मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त आहेत. तरी तिथे शिकवणं हेच मुख्य काम आहे, असं त्या खोलीत बसलेल्या मुलाला आठवड्याच्या आठवड्याला जाणवत राहतं.

शेवटी ही मुलं जातात कुठे? हार्वर्डच्या पहिल्या महिला अध्यक्ष ड्रू फाउस्ट २००८ मध्ये पदवीधर होणाऱ्या वर्गासमोर याच विषयावर बोलल्या, कारण मुलं त्यांना सतत विचारत होती: आमच्यातले इतके जण वॉल स्ट्रीटवर का जातात? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉल स्ट्रीटवरची बडी बँक लेहमन ब्रदर्स बुडाली. आज त्यात कन्सल्टिंग आणि टेक कंपन्या मिळवल्या, तर नोकरीला लागणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त मुलं याच तीन दिशांना जातात. पैसा हे एक कारण आहेच. पण मला वाटतं, दुसरं कारण जास्त खोल आहे. लहानपणापासून पुढचा अर्ज, पुढची मुलाखत, पुढची निवड एवढंच केलेल्या मुलाला चार वर्षांनी आणखी एक अर्ज, आणखी एक निवड समोर दिसते. ती वाट ओळखीची असते. काय करायचं हे स्वतः ठरवण्याचा सराव त्याला कुणी दिलेलाच नसतो.

राजकारणाबद्दल थोडंच बोलते. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने हार्वर्डचा २ अब्ज डॉलरहून जास्त संशोधन निधी रोखला. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ते बेकायदेशीर ठरवलं. निधी आवळून विद्यापीठाला वाकवणं चूक आहे, तिथे माझ्या मनात किंतु नाही. प्रयोगशाळा बंद पडल्या तर कर्करोगावरचं काम थांबतं, त्याचा फटका सगळ्यांना बसतो. पण त्या वेळी सामान्य अमेरिकन माणूस मोठ्या संख्येने विद्यापीठाच्या बाजूने उभा राहिला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. ज्या संस्थेने दरवर्षी शंभरातल्या शहाण्णव जणांना 'तुम्ही नाही' सांगण्यात भूषण मानलं, तिच्यासाठी ते शहाण्णव जण का धावतील?

बदल करणं अशक्य आहे, हे मात्र मी ऐकून घेणार नाही. जॉन्स हॉपकिन्सने माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्राधान्य देणं बंद केलं. २००९ मध्ये तिथल्या नव्या वर्गात अशी मुलं सुमारे साडेबारा टक्के होती, २०१९ मध्ये साडेतीन. त्याच काळात सरकारी गरीब-मदतीला पात्र असलेल्या मुलांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून १९ च्या आसपास गेलं. विद्यापीठाची पत तसूभरही घटली नाही. एमआयटीत तर असं प्राधान्य नाहीच. येलने २०१७ मध्ये दोन नवी निवासी महाविद्यालयं उघडली आणि पदवीच्या सुमारे ८०० जागा वाढवल्या.

हार्वर्डच्या स्वतःच्या निधीत २०२४ साली ५३ अब्ज डॉलर होते. पहिल्या वर्षाच्या जागा साडेसोळाशेच्या आसपास आहेत, आणि चाळीस वर्षांपूर्वीही त्या जवळपास तेवढ्याच होत्या. त्यांनी जागा दुप्पट कराव्यात, त्या मुलांना शिकवायला कायमस्वरूपी शिक्षक नेमावेत आणि त्या शिक्षकांना निर्धास्तपणे 'बी' देऊ द्यावा. मग प्रवेशाचा आकडा तीन-चारचा सात-आठ झाला तरी चालेल.