पापलेट मोजायचं कुणी?

पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या कट्ट्यावर परवा मच्छीमार हेमंतने तोंड सोडलं. "2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केला. बरं झालं. आता तो जाळ्यात कधी येणार, तेही जाहीर करा!"

प्राची मत्स्यशास्त्र शिकते, त्यामुळे सरकारवरचा राग तिच्यावर निघतो. हेमंतचं म्हणणं, मासळी मोजणारे बंदरावर येतात, चार बोटी बघतात नि आकडा लिहून नेतात.

"केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था काही दिवस नि काही बोटी निवडून अंदाज काढते. सगळ्या बोटी कोण मोजणार?" प्राची म्हणाली.

"आणि समुद्रातच फेकली ती बारीक मासळी?"

प्राची म्हणाली, ती बंदरावर दिसत नाही हे खरंच. मग तिने थेट कॅनडातलं न्यूफाउंडलंड काढलं. तिथे कॉड माशाचा साठा ठरवताना ट्रॉलरना, म्हणजे जाळं ओढत जाणाऱ्या मोठ्या बोटींना, किती मिळतं यावर फार भिस्त ठेवली. उरलासुरला कॉड थोड्या जागेत गोळा व्हायचा, ट्रॉलर नेमके तिथे जाऊन भरून यायचे, नि कागदावर सगळं झकास. किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार ओरडत होते, ऐकलं कुणी नाही. 1992 मध्ये मासेमारीच बंद करावी लागली. तीसेक हजार लोकांचं काम गेलं.

"मग मी तरी काय म्हणतोय!"

"तू डोलवाल्यांना, म्हणजे बारीक भोकांची डोल जाळी लावणाऱ्यांना, शिव्या घालतोस, पिल्लं मारतात म्हणून. आपल्या लिलावात 135 मिलिमीटरच्या, म्हणजे नियमातल्या किमान लांबीच्या, खालचं पापलेट कधीच येत नाही का?"

"मेलेल्याला पट्टी लावून काय जिवंत होणारे?" हेमंत उसळला. इथे मी त्याच्या बाजूने. आधी जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, बघा, मग टोपली.

"बोटीवर वही ठेवशील? कुठे टाकलं, किती मिळालं, किती फेकलं?"

"कुठे ते लिहिलं तर उद्या तिथे दहा बोटी उभ्या."

"जागा नको. किती वाव खोल पाणी, किती तास जाळं, एवढंच."

"नि फेकलेलं लिहिलं की दंड मलाच!"

याला प्राचीकडे उत्तर नव्हतं. दंडाची टांगती तलवार असताना खरं कोण लिहील?

दिलीप इतका वेळ नुसता शेंगा सोलत होता. "आपल्याच जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं 2024 मध्येच भूमिपूजन झालंय. वह्या कसल्या लिहिताय?"

"म्हणूनच आत्ता लिहायची," प्राची म्हणाली. "बंदराआधी इथे किती मासळी होती, हे उद्या कोर्टात कशावरून दाखवणार?"

हेमंतने जरा विचार केला. "वही राहणार कुणाकडे? मच्छीमारांच्या सोसायटीत राहणार असेल तर लिहितो. सरकारी ऑफिसात जाणार असेल तर नाही."