करवंदाच्या जाळीवर उगाच बालंट

पावसाळा तोंडावर आला की कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो : 'करवंदाचं कुंपण करू नका. जाळीत साप येतात, चीक विषारी असतो, डोंगराबाहेर ते जगतही नाही. त्यापेक्षा डुरांटा नाहीतर घाणेरी लावा, फुलपाखरं येतील.' वाचून लोक खरंच रोपं उपटतात, म्हणून लिहितोय.

साप येतो तो उंदरा-बेडकांच्या मागं. परसात विटांचा ढीग, जळणाचा भारा, खरकटं असलं की उंदीर आलेच. दाट जाळीत तो आडोसा घेईल, पण तसा डुरांटातही घेईल. बुडाशी वीतभर छाटून मोकळं ठेवा, खालचं सगळं दिसतं.

चिकाची भीती कण्हेरीवरून आलीय. दोन्ही एकाच कुळातली, आणि कण्हेर विषारी आहेच. करवंद मात्र आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय. कच्च्याचं लोणचं घालतो, पिकलेलं तसंच तोंडात टाकतो. मे महिन्यात पानांच्या द्रोणातलं करवंद 'कोंबडा की कोंबडी?' विचारत फोडलं नाही, असं पोर पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला सापडायचं नाही. चीक ओठांना चिकटतो, एवढंच.

डोंगराबाहेर जगत नाही, हे तर साफ चूक. मुरमाड जमीन आणि भरपूर ऊन असलं की त्याचं भागतं. पाणी साचणारी काळी रानं तेवढी टाळायची. रोप दगावतं ते बहुधा डोंगरावरची जाळी खणून आणल्यामुळं, कारण त्यात सोटमूळ तुटतं. त्यापेक्षा पिकल्या फळाचं बी धुऊन लगेच पिशवीत पेरा; ठेवून दिलं तर उगवत नाही. कुंपणाला दोन-अडीच फुटांवर रोपं लावा आणि पहिला उन्हाळा पाणी द्या. फळाला मात्र काही वर्षं थांबावं लागतं.

घाणेरीवर फुलपाखरं येतात, खरं आहे. पण ती आणि डुरांटा, दोन्ही अमेरिकेकडची. घाणेरीनं आपली रानंच्या रानं गिळलीत, आणि तिचा पाला पोटात गेला तर गुरं आजारी पडतात. डुरांटाची पिवळी फळं पोरांनी खाल्ली तर विषबाधा होते. उलट करवंद बारमाही हिरवं. उन्हाळ्याच्या आधी पांढऱ्या, सुवासिक फुलांनी भरतं, मग फळांवर पाखरं तुटून पडतात.

माझ्या दारच्या जाळीत गेल्या उन्हाळ्यात बुलबुलानं कमरेएवढ्या उंचीवर वाटीसारखं घरटं केलं. शेजारचं मांजर खाली तासन्‌तास बसायचं. बेचक्यासारख्या दुहेरी काट्यांतून त्याचा पंजा काही आत जाईना. दोन्ही पिल्लं उडाली.