जेरेमी ब्रेटचा होम्स आजारातून आलेला नाही

टीव्हीवर शेरलॉक होम्स साकारणाऱ्या इंग्रज नट जेरेमी ब्रेटचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "जेरेमी ब्रेट स्वतःच तसा होता हो, जरा भ्रमिष्ट. म्हणून जमलं त्याला." हे आता मला ऐकवत नाही. तीस वर्षं रंगभूमीवर घासून निघालेल्या नटाची मेहनत आपण सरळ त्याच्या आजाराच्या खात्यावर जमा करून टाकतो.

१९३३ चा जन्म, वॉरिकशरमधल्या खात्यापित्या घरातला. वडील कर्नल, आडनाव हगिन्स. मुलानं नाटकात जाऊन हे आडनाव वापरलेलं वडिलांना चालणार नव्हतं, म्हणून पोरानं अंगातल्या सुटाच्या लेबलवरचं 'ब्रेट' उचललं. ईटनसारख्या शाळेत गेला, पण डिस्लेक्सियामुळे वाचन जड जायचं. त्यात 'र' नीट उच्चारता यायचा नाही, त्यासाठी शस्त्रक्रिया झाली. आणि आज आपण त्याच्या कशावर फिदा आहोत? वाणीवर! होम्सची ती धार लावलेली वाक्यं, मध्येच खाली आणलेला सूर, एखाद्या शब्दावर मारलेला फटका. भ्रमिष्टपणातून असलं काही येत नसतं, रियाजातून येतं.

नटश्रेष्ठ लॉरेन्स ऑलिव्हिएच्या नॅशनल थिएटरमध्ये त्यानं उमेदीची वर्षं काढली. १९६७ मध्ये शेक्सपिअरचं 'ॲज यू लाइक इट' सगळ्या पुरुष नटांना घेऊन केलं, त्यात ऑर्लँडो हा. १९७० मध्ये 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये ऑलिव्हिए शायलॉक, तर हा बसानियो. 'माय फेअर लेडी' सिनेमातला प्रेमवेडा फ्रेडीसुद्धा हाच, मात्र गाण्याला आवाज दुसऱ्याचा. (स्वतःला चांगलं गाता येत असताना! सिनेमावाल्यांचे न्याय.) आणि १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर त्यानं चक्क वॉटसन केला, चार्ल्टन हेस्टनच्या होम्ससमोर. म्हणजे होम्स साकारण्याआधी तो त्यानं शेजारी उभं राहून पाहिलेला होता.

मग ब्रिटनच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनची होम्स मालिका, १९८४. ब्रेट पन्नाशीचा. होम्सच्या सवयी, खाणंपिणं, लकबी टिपलेली सत्त्याहत्तर पानांची एक फाइल तयार केलेली होती, ती त्यानं कोळून प्यायली. मूळ कथेपासून पटकथा ढळली की हा भांडायला उभा. आपल्याकडे कित्येकांनी होम्स वाचला तो भालबा केळकरांच्या मराठीतून. त्या वाचकांनाही पडद्यावरचा हा माणूस ओळखीचा वाटतो, ते याच हट्टामुळे.

आता आजाराचं. १९८५ मध्ये त्याची दुसरी बायको जोन विल्सन कर्करोगानं गेली. त्यानंतर तो पार कोसळला, रुग्णालयात गेला, बायपोलर आजाराचं, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची निराशा अशा मनोविकाराचं निदान झालं. लहानपणी संधिवाताच्या तापानं हृदय आधीच अधू केलेलं, वर सिगारेटी सुटेनात. औषधांनी आणि हृदयाच्या दुखण्यानं अंगाला सूज येऊ लागली. त्या अवस्थेतही लंडनच्या वेस्ट एंडला, मालिकेतला नंतरचा वॉटसन एडवर्ड हार्डविकबरोबर होम्सचं दोनपात्री नाटक केलं. टीव्हीवरच्या होम्सचं व्यसन सोडवण्यासाठी कॉनन डॉयलच्या मुलीची परवानगी मिळवली आणि 'द डेव्हिल्स फूट'मध्ये कोकेनची सुई वाळूत पुरली. मुलं आपला होम्स बघतात, ही त्यामागची काळजी. भ्रमिष्ट म्हणायचं का याला?

आजारानं काय दिलं म्हणता, तर १९९४ चे भाग बघा. धाप लागलेला, सुजलेला होम्स. 'मॅझरिन स्टोन'मध्ये तर तो इतका आजारी की तपास होम्सच्या थोरल्या भावाच्या, मायक्रॉफ्टच्या गळ्यात घालावा लागला. माझ्या मते हे भाग करायलाच नको होते, आणि हा दोष त्याच्यापेक्षा काम करवून घेणाऱ्यांचा जास्त. सप्टेंबर १९९५ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी तो हृदयविकारानं गेला.

पाहायचं असेल तर 'अ स्कँडल इन बोहेमिया'पासून सुरुवात करा, मग 'द फायनल प्रॉब्लेम' गाठा. त्यातला रायखेनबाखचा धबधबा स्वित्झर्लंडमधला खराखुरा आहे. एकूण ४१ भाग, शेवटचे सहा वगळलेत तरी चालेल. वॉटसन कुणाचा सरस, आधीच्या डेव्हिड बर्कचा की हार्डविकचा? मी हार्डविकच्या बाजूचा. बर्कवाल्यांनी खुशाल भांडायला यावं.