कळलावी आणि पेशीतले दोर

पेशीविभाजनावरच्या लेखात सूक्ष्मनलिकांना (पेशीतल्या अतिबारीक नळ्या) ‘दोर’ म्हटलंय. पेशी विभागताना त्या गुणसूत्रांना (जनुकं वाहणारे धागे) दोन टोकांकडे ओढतात, हे त्यात छान आलंय. फक्त ‘दोर’ ही उपमा थोडी तोकडी वाटली. दोर जागच्या जागी वाढत नाही की विरघळत नाही! या नलिका ट्युब्युलिन या प्रथिनाचे कण जोडत वाढतात, कण सुटले की आखडतात आणि गुणसूत्रं त्या आखडत्या टोकाबरोबर सरकतात.

पावसाळ्यात कुंपणावर फुलणारी कळलावी आठवा (कंद जहाल विषारी, उगाच प्रयोग नकोत). तिच्यातलं कोल्चिसिन हे विषारी रसायन ट्युब्युलिनला चिकटतं, नलिका बनतच नाहीत, विभाजन अर्ध्यात अडकतं. टॅक्सॉल हे औषध नेमकं उलट करतं, बनलेल्या नलिका सुटू देत नाही. नलिका आखडल्याच नाहीत तरी पेशी अडकतेच, म्हणून पेशी भराभर विभागणाऱ्या कर्करोगावर ते देतात.