खेळाडूंनी मतं दिली म्हणून टॉप १०० यादीच खरी? मला अजिबात पटत नाही

दरवर्षी उन्हाळ्यात एनएफएल नेटवर्कवर (एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग) टॉप १०० चे एपिसोड सुरू झाले की इथे न्यू जर्सीत आमच्या मराठी मित्रमंडळींत तोच एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे इकडे तिकडे होतात पण सार असं की ही यादी पत्रकारांनी नाही तर खुद्द खेळाडूंनी मतं देऊन बनवलीय, मैदानात जे एकमेकांना भिडतात त्यांनाच खरं काय ते माहीत, त्यामुळे एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणि ऑल-प्रो (प्रत्येक जागेवरच्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड) वगैरे बाजूला ठेवा, पत्रकारांना काय कळतं, शंभर म्हणजे शंभर, प्रत्येक नंबर अचूक, आणि ज्याचा या यादीत पहिला नंबर तोच पुढच्या सीझनचा राजा. यंदाही तीन वेगवेगळ्या लोकांकडून आला. आता एकदा नीट उत्तर लिहूनच टाकतो, कारण मी हा खेळ गेली बरीच वर्षं जीव लावून बघतोय आणि या मेसेजमुळे नवीन बघणाऱ्यांच्या डोक्यात चुकीचं काहीतरी पक्कं बसतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनएफएलमध्ये ३२ टीम, प्रत्येकीत ५३ खेळाडू, म्हणजे जवळजवळ १७०० जण. २०११ पासून दरवर्षी खेळाडूंकडून मतं घेऊन त्यातले १०० जण क्रमाने टीव्हीवर दाखवतात. एमव्हीपी मात्र असोसिएटेड प्रेसचं ५० जणांचं पॅनल ठरवतं, त्यात सगळे पत्रकार आणि समालोचक.

आता पहिला मुद्दा, आणि सगळ्यात मोठा. "भिडतात त्यांनाच माहीत." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त फसवं आहे. एक टीम १७ मॅच खेळते, त्यातल्या सहा आपल्याच डिव्हिजनच्या (चार टीमच्या गटाच्या) तीन टीमशी दोन-दोनदा, म्हणजे सीझनभरात समोर येतात फक्त १४ टीम, बाकीच्या १७ टीमशी गाठच पडत नाही. दुसऱ्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या दुसऱ्या अर्ध्यातल्या, एखाद्या टीमशी तर साधारण चार वर्षांतून एकदा. बरं, ज्यांच्याशी गाठ पडते तिथे तरी काय दिसतं? समजा तुम्ही रिसीव्हर आहात, म्हणजे पास झेलणारे. आठवडाभर तुम्ही व्हिडिओ बघता तो समोरच्या टीमच्या कॉर्नरबॅकचा आणि सेफ्टीचा (रिसीव्हरला अडवणारे), त्यांचा रिसीव्हर कसा खेळतो याच्याशी तुमचा कामापुरता काही संबंध नसतो, आणि मॅचच्या दिवशी त्यांचा रिसीव्हर मैदानात असतो तेव्हा तुम्ही बाकावर बसून टॅब्लेटवर आपलेच फोटो बघत असता की मगाशी कुठे चुकलं. म्हणजे रिसीव्हरला दुसऱ्या रिसीव्हरबद्दल जेवढं कळतं ते बरंचसं तुमच्या-माझ्यासारखंच, हायलाइट्स बघून.

कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच कळेल. चढाई करणाऱ्याला विचारा, कुठल्या टीमचा डावा कोपरा सगळ्यात वाईट, तो एका क्षणात सांगेल, पाय कुठून धरतो तेही सांगेल. पण त्यालाच म्हणालात की महाराष्ट्रातल्या सगळ्या चढाईपटूंचे नंबर लाव, आणि त्यातच कोपरारक्षकांचेही मिसळून एकच यादी कर, तर तो काय करणार, ज्यांची नावं गाजलीत ती लिहून मोकळा होणार.

आणि इथे नेमकं तेच होतं. मतपत्रिकेवर वीस नावं क्रमाने लिहायची, कुठल्याही जागेवरचे खेळाडू चालतील, पहिल्या नावाला सगळ्यात जास्त गुण आणि मग उतरत जाणार. पास टाकणारा क्वार्टरबॅक आणि त्याला वाचवणारा गार्ड एकाच तराजूत. आता २०११ ते २०२५ या पंधरा वर्षांचे पहिले नंबर काढून बघा, मी काढले. दहा वेळा क्वार्टरबॅक (त्यात टॉम ब्रेडी एकटाच चार वेळा), दोनदा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा), दोनदा डिफेन्सिव्ह लाइनवाला, एकदा रिसीव्हर. ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे पुढे उभे राहून वाट मोकळी करणारे आणि क्वार्टरबॅकला वाचवणारे, शून्य. कॉर्नरबॅक शून्य, सेफ्टी शून्य, लाइनबॅकर शून्य. मैदानात उतरणाऱ्या २२ स्टार्टर्सपैकी पाच जण ऑफेन्सिव्ह लाइनचे असतात, त्यातला एकही पंधरा वर्षांत सगळ्यात भारी नव्हता? जे एकमेकांना भिडतात त्यांनीच मतं दिली असतील तर ही माणसं कुठे गेली, कारण सगळ्यात जास्त भिडतात तर तेच, प्रत्येक स्नॅपला (प्लेच्या सुरुवातीला).

हे मला जास्त टोचतं कारण मी न्यूयॉर्क जायंट्स टीमवाला. रनिंग बॅक सेकवॉन बार्कली आमचा होता. २०२३ मध्ये आमच्याकडे तो २४७ वेळा बॉल घेऊन पळाला आणि ९६२ यार्ड काढले, दर वेळी चार यार्डसुद्धा नाहीत. तुटक्या लाइनमागे तो कसा धावायचा ते मी स्टेडियममध्ये बसून बघितलंय, बॉल हातात आला की पहिला टॅकलर आधीच अंगावर. २०२४ मध्ये तो ईगल्स टीमकडे गेला आणि ३४५ वेळा पळून २००५ यार्ड, दर वेळी ५.८, वर सुपर बोल (लीगची फायनल) पण जिंकला, आणि २०२५ च्या यादीत पहिला नंबर. माणूस तोच. पाय तेच. बदलली ती त्याच्या पुढची ऑफेन्सिव्ह लाइनची पाच माणसं, जॉर्डन मायलाटा, लँडन डिकरसन, कॅम जर्गन्स, मेकाय बेक्टन, लेन जॉन्सन. मी बार्कलीचं श्रेय काढून घेत नाहीये, तो जबरदस्तच आहे, तो गेला तेव्हा माझ्या मुलीने त्याची जर्सी कपाटातून काढू दिली नव्हती. पण "खेळाडूंनाच खरं कळतं" म्हणायचं असेल तर त्या २००५ मधले किती यार्ड लेन जॉन्सनचे हे या यादीत कुठे दिसतं ते सांगा.

दुसरा मुद्दा, पत्रकारांना काही कळत नाही. इथे मी आधी समोरच्याच्या बाजूने बोलतो, कारण त्यात तथ्य आहे. २०१८ च्या सीझनला डिफेन्सिव्ह लाइनच्या ॲरन डोनल्डने २०.५ सॅक काढले, म्हणजे तेवढ्या वेळा क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडलं. आतल्या टॅकलच्या जागेवरून, जिथे दोन-दोन माणसं अंगावर असतात. एमव्हीपीच्या ५० मतांपैकी क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सला ४५ आणि क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझला ५, डोनल्डला एकही नाही. आणि खेळाडूंनी २०१९ च्या यादीत त्याला पहिला नंबर दिला. त्याआधी २०१५ ला जे. जे. वॉटला दिला होता, त्यानेही आदल्या सीझनला २०.५ सॅक काढले होते आणि वर पाच टचडाऊन (बॉल गोलरेषेपार नेऊन गुण). पत्रकारांनी डिफेन्सच्या माणसाला एमव्हीपी दिला तो शेवटचा १९८६ मध्ये, लॉरेन्स टेलरला. म्हणजे इथे खेळाडू पत्रकारांच्या पुढे होते, मान्य, शंभर टक्के मान्य.

पण जरा विचार करा की असं डोनल्ड आणि वॉटच्याच बाबतीत का झालं. लीगमधल्या ऑफेन्सिव्ह लाइनच्या प्रत्येक गार्डने, सेंटरने, टॅकलने आणि प्रत्येक क्वार्टरबॅकने त्यांचे व्हिडिओ रात्र रात्र बसून बघितले होते, कारण रविवारी मार त्यांनाच खायचा होता. जिथे खेळाडूला खरंच माहीत असतं तिथे त्याचं मत सोन्यासारखं आहे. जिथे माहीत नसतं तिथे ते मत गाजलेल्या नावाला जातं. यादी या दोन प्रकारच्या मतांना एकाच पोत्यात भरते आणि वर लेबल लावते "खेळाडूंनी निवडलेले".

आणि हे फक्त मी म्हणत नाहीये. खेळाडूंच्या युनियनने, एनएफएलपीएने, २०२२ च्या सीझनपासून स्वतःचा वेगळा प्लेयर्स ऑल-प्रो सुरू केला. त्यात नियम असा की तुम्ही फक्त तुमच्या जागेवरच्या आणि ज्यांच्या समोर तुम्ही उभे राहता त्या जागेवरच्या खेळाडूंना मत द्यायचं. लाइनवाल्याने लाइनवाल्यांना, रिसीव्हरने रिसीव्हर आणि कॉर्नरबॅकना. खेळाडूंचं मत खरंच हवं असेल तर ते कसं विचारायचं हे खेळाडूंच्याच संघटनेने दाखवून दिलंय. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एकानेही याचं नाव मला आजवर सांगितलं नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

तिसरं, "शंभर म्हणजे शंभर". यावर फार वेळ घालवत नाही. प्रत्येकाने वीसच नावं लिहायची असतील तर वरच्या दहा-पंधरा नावांना गठ्ठ्याने मतं पडणार हे उघड आहे, आणि साठ-सत्तरच्या खाली मोजक्या मतपत्रिकांवरून नंबर ठरणार. तिथे ७४ आणि ८८ यात फरक काय, तर कोणाच्या तरी दोन मित्रांनी नाव लिहिलं. २०१२ ला टिम टीबो ९५ वा होता. त्याने आदल्या सीझनला स्टीलर्सविरुद्ध ओव्हरटाइमच्या पहिल्याच प्लेवर डेमेरियस थॉमसला ८० यार्डांचा टचडाऊन पास टाकला होता, सगळी अमेरिका तेच बोलत होती, आणि त्याच सीझनला त्याचे ४६.५ टक्के पास पूर्ण झाले होते. अर्ध्याहून जास्त पास वाया घालवणारा क्वार्टरबॅक लीगच्या पहिल्या शंभरात, खेळाडूंच्या मताने. वर कित्येक खेळाडूंनी स्वतः उघडपणे सांगितलंय की आम्ही कधी मतच दिलं नाही.

चौथा मुद्दा म्हणजे भविष्यवाणीचा. हा सगळ्यात सोपा आहे, आकडे काढले की झालं. २०११ ला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स नुकताच सुपर बोलचा एमव्हीपी झालेला, यादीत नंबर ११. पुढच्या सीझनला ४५ टचडाऊन, फक्त ६ इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेले पास), टीम १५-१ (१५ जिंकल्या, १ हरली), लीगचा एमव्हीपी. मग २०१२ ला त्याला पहिला नंबर दिला, म्हणजे वरातीमागून घोडं. २०१६ ला क्वार्टरबॅक कॅम न्यूटन पहिला, त्या सीझनला त्याची टीम पँथर्स १५-१ वरून ६-१० वर घसरली. २०२२ ला ब्रेडी पहिला, त्याची टीम बकनीअर्स ८-९. २०२४ ला रिसीव्हर टायरीक हिल पहिला, १७९९ यार्डांवरून ९५९ वर आला. आता कोणी म्हणेल वॉटने तर २०१५ मध्ये पुन्हा १७.५ सॅक काढले, पेटन मॅनिंगही २०१४ मध्ये चांगलाच खेळला, हो, खेळले, पण म्हणजे कधी लागतं कधी नाही. यादी मागच्या सीझनवर बनते, पुढचं सांगणं हे तिचं कामच नाही आणि ते ओझं आपण तिच्यावर टाकू नये.

ब्रेडीच्या २०२२ बद्दल अजून एक. त्याने आदल्या सीझनला यार्ड आणि टचडाऊन दोन्हीत लीगमध्ये पहिला नंबर काढला होता, ५३१६ आणि ४३, त्यामुळे तो वरती येणं चूक नव्हतंच. पण एमव्हीपी रॉजर्सला मिळाला होता, ५० पैकी ३९ मतांनी, आणि ब्रेडीने १ फेब्रुवारीला निवृत्ती जाहीर करून ४० दिवसांत मागे घेतली होती. मला असं वाटतं की त्या पहिल्या नंबरात एका सीझनचा हिशोब कमी आणि वीस वर्षांचा मान जास्त होता. मान देणं चांगलंच आहे हो, मी स्वतः दिला असता, आणि जायंट्सवाल्याने ब्रेडीबद्दल असं म्हणणं सोपं नाही. फक्त त्याला क्रमवारी म्हणू नका.

"मग तू बघतोस कशाला?" हा प्रश्न मला दर वेळी येतो. बघतो कारण एनएफएल फिल्म्सवाले प्रत्येक नंबरला समोरच्या टीमच्या माणसांना कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि बोलतं करतात. एखादा गार्ड डोनल्डबद्दल बोलायला लागतो, त्याचा पहिला हात कुठे येतो, खांदा कधी खाली जातो, दोघं मिळूनही तो का थांबत नाही, आणि बोलता बोलता खुर्चीतल्या खुर्चीत स्वतःचे हात तसेच वर घेतो. तो तुकडा मी मागे नेऊन परत बघतो, मुलीलाही बोलावून दाखवतो. कोपऱ्यात कितवा नंबर लिहिलेला असतो तो तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात नसतो.