दिवाळीतला ताण हा मनाचा दुबळेपणा नव्हे

वसुबारस जवळ आली की एक मजकूर मोबाइलवरून घराघरांत फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, पण आशय तोच असतो. आपल्या आज्या वीस-वीस माणसांचा फराळ हसतमुखाने करीत आणि ताण म्हणजे काय हे त्यांना ठाऊकही नव्हते; आता गॅस आला, मिक्सर आला, फराळ विकत मिळू लागला, तरी आजच्या बायका थकल्याचे सांगतात; सण हाच ताणावरचा उतारा असल्याने दिवाळीत ज्याला उदास वाटते त्याचे मनच कमकुवत असले पाहिजे; आणि उपाय एकच, सकारात्मक विचार करावा, दीर्घ श्वास घ्यावा आणि हसत राहावे. पाठवणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो. तरीही हा मजकूर खोडून काढणे मला आवश्यक वाटते, कारण जी खरोखर दमली आहे तिच्याकडे सगळे काम तर राहतेच, शिवाय त्या कामाने दमल्याचा दोषही तिच्याच पदरी पडतो.

आज्यांना ताण ठाऊक नव्हता, या विधानाला पुरावा एवढाच दिला जातो की त्यांनी कधी तक्रार केली नाही. घरात ती ऐकून घेणारे कोणी नव्हते, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. जिथे बोलता येत होते तिथे त्या बोलल्याच आहेत. दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी, आश्विनातच, भोंडल्याचा फेर धरला जातो, आणि त्यातल्या कारल्याच्या गाण्यातली सून माहेरी जाण्याची परवानगी मागत राहते. तिला आधी बी पेरायला सांगतात, मग वेल येऊ दे म्हणतात, मग कारले लागू दे, मग भाजी कर. प्रत्येक वेळी पुढचे काम तयार असते आणि माहेर लांबत जाते. कामाच्या न संपणाऱ्या यादीचे इतके नेमके वर्णन ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गायले, त्यांना ताण माहीत नव्हता असे कसे म्हणावे? पुढचे उदाहरण तर अनेकांच्या आठवणीतले आहे. १९७२ च्या दुष्काळात महागाईने जगणे कठीण केले, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेल, साखर, धान्य आणि रॉकेल रास्त दरात मिळावे यासाठी ते मोर्चे होते. ज्यांच्यावाचून दिवाळीची कढई चुलीवर चढत नाही, त्याच या वस्तू. आज ज्यांचा दाखला दिला जातो त्या आज्यांपैकी कितीतरी त्या मोर्च्यांत असतील.

या आठवणींत एक खरा भाग आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. वाड्यांत आणि चाळींत करंज्या करायला शेजारणी एकमेकींकडे आळीपाळीने जात. एकीने लाटायचे, दुसरीने सारण भरायचे, तिसरीने तळायचे, असे काम वाटले जाई. म्हणजे काम सुसह्य होत असेल तर ते हातांच्या संख्येमुळे. दोन-तीन माणसांच्या फ्लॅटमध्ये हात कमी झाले, पदार्थांची यादी मात्र पूर्वीचीच राहिली, आणि आज जाणवणाऱ्या ताणाचा मोठा वाटा या तफावतीत आहे.

यंत्रांमुळे काम उरलेच नाही, हा दुसरा मुद्दा. अनारशांचे उदाहरण घेऊ. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते सावलीत कोरडे करून दळायचे, गूळ घालून पीठ मळायचे आणि काही दिवस मुरू द्यायचे. यंत्राने यातले फक्त दळणे सोपे केले. बाकीचे दिवस कोणाच्या तरी लक्षात राहावेच लागतात. त्यातच वसुबारस आणि धनत्रयोदशीला बहुतेक कार्यालये चालू असतात, त्यामुळे नोकरी करणाऱ्या बाईचा फराळ रात्रीच होतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार आपल्या घरचे बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. यंत्रे वाढली त्या पाच वर्षांत बाईची जेमतेम दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांचा वेळही जवळपास तेवढाच घटल्याने दोघांमधले अंतर जसेच्या तसे राहिले. हे वर्षभराच्या दिवसांचे चित्र आहे. दिवाळीचे काम त्यावर आणखी चढते. शिवाय कोणाला कोणता आहेर द्यायचा, कोणाच्या डब्यात साखर कमी हवी, जावयाच्या पहिल्या दिवाळसणाला काय घ्यायचे, गावच्या एसटीचे आरक्षण कधी करायचे, हे सारे लक्षात ठेवणे कोणत्याही मोजणीत नीट येत नाही. विकतचा फराळ म्हणजे आळस, या आक्षेपाला तर फार वेळ द्यायला नको. तो फराळ बहुधा एखाद्या बचत गटातल्या बायकाच करतात, आणि त्यांच्या घरची दिवाळी त्यावर उभी असते.

सर्वांत जास्त दुखावणारा मुद्दा तिसरा आहे: सणात उदास वाटणे म्हणजे मनाचा दुबळेपणा. आपली रीतच याच्या विरुद्ध साक्ष देते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तिथे त्या दिवाळीला गोडधोड होत नाही, आणि शेजारीपाजारी व नातेवाईक फराळाचे ताट तिथे नेऊन देतात. त्या घराने हसले पाहिजे असा आग्रह कोणी धरत नाही. दुःख मान्य करायचे आणि काम आपल्याकडे घ्यायचे, ही समज ज्या समाजाकडे आहे त्याने एकमेकांना असला मजकूर पाठवावा, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शोक नसला तरी प्रत्येकाची दिवाळी सारखी नसते. सोयाबीन आणि कापूस याच सुमारास घरात येतो. परतीच्या पावसाने तो भिजला किंवा भाव पडला तर शेतकऱ्याच्या घरात दिवाळीची खरेदी थांबते. दसऱ्यानंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि अनेकांचा सण उसाच्या फडाजवळच्या कोपीत म्हणजे झोपडीत, उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम फेडण्याच्या चिंतेत जातो. परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक-वाहक त्या दिवसांत कामावर असतात. दिवाळीच्या बोनसला कायद्याने वेतनाच्या ८.३३ टक्के ही किमान मर्यादा घातली, पण ती कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या कामगारांपुरती; दुसऱ्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईला दिवाळी मिळणे पूर्णपणे मालकांच्या मनावर राहते. या सर्वांची चिंता खरी आहे, आणि विचार सकारात्मक केल्याने ती मिटत नाही.

आता उपायाकडे वळतो. दीर्घ श्वसनाला माझा विरोध नाही. त्याने धडधड शांत होते, क्षणभर बरे वाटते. परंतु डोळे उघडल्यावर यादी तेवढीच असेल तर तो उपाय अपुरा आहे. दिवाळीच्या दोन आठवडे आधी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून सगळी कामे, लक्षात ठेवण्याची कामेसुद्धा, कागदावर लिहावीत आणि वाटून घ्यावीत. वाटताना काम पूर्णपणे द्यावे: चिवडा ज्याच्याकडे आला त्याने पोहे आणण्यापासून डबे भरण्यापर्यंत तो करावा, त्याला मधे मधे आठवण करण्याची वेळ कोणावर येऊ नये. पदार्थांतले निदान दोन गाळावेत. आहेर आणि ओवाळणीची रक्कम भावंडांनी आधीच उघडपणे ठरवावी, म्हणजे कमी कमावणाऱ्याला कर्ज काढावे लागत नाही. आणि झोप मुळीच सोडू नये. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठायचे असते, म्हणून आदल्या रात्रीचे तळण आणि आकाशकंदील दहाच्या आत आटोपावेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे फटाके उडवणाऱ्यांनी शेजारच्या आजारी माणसासाठी तरी पाळावे.

दमणूक सण सरला की ओसरते. पण दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, किंवा जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलत असेल, तर त्या व्यक्तीला सल्ले देत न बसता डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीतून बोलता येते.