दोन राजे आणि मित्राचा मेहुणा

परवा पोकरमध्ये माझ्या हातात दोन राजे आले आणि पाच मिनिटांत मी डावाबाहेर झालो. गोष्ट एवढीच, पण माझ्या पाठीमागे मित्राचा मेहुणा बसला होता.

"मी नुसता बघतो," म्हणत त्यानं खुर्ची अगदी माझ्या मानेशी ओढली. मी पानांचे कोपरे उचलले. बदाम राजा, चौकट राजा. सुरुवातीलाच राजांची जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते, आणि तिच्यावर फक्त एक्क्यांची जोडी. मी चेहरा दगडासारखा ठेवला. मागून आवाज आला, "वा! दोन-दोन!" तिघांनी तिथल्या तिथे पानं टाकली.

"हुकूम कोणता?"

"पोकरमध्ये हुकूम नसतो."

"मग तुम्ही कशाच्या जिवावर खेळताय?"

मी पैशांऐवजी वापरायच्या सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. उरलेला एकजण "एक्का टाकवत नाही बुवा," म्हणत एक्का-तिर्री घेऊन आला. इथे दहातले सात डाव माझे. टेबलावर सगळ्यांची सामाईक पानं उघडली: सत्ती, नव्वी, गुलाम. मग दुर्री. आता न दिसलेली चव्वेचाळीस पानं, त्यात मला मारणारे फक्त तीन एक्के. शेवटचं पान इस्पिक एक्का.

कोणी काही बोललं नाही. मेहुण्यानं मात्र माझा बदाम राजा उचलून दिव्याखाली धरला.

"अहो, ह्यानं तलवार स्वतःच्याच डोक्यात खुपसलीय!"

"ती पूर्वी कुऱ्हाड होती. चित्राच्या नकला करता करता पातं गळालं."

"म्हणजे हत्यारही धड नाही. आणि मिशी कुठाय? बाकी तिघांना आहे." मग चौकट राजा. "हा तर तोंड फिरवून बसलाय. एकाच डोळ्यानं बघणार, तेही दुसरीकडे. असल्यांच्या भरवशावर सगळं लावलंत?"

खरं सांगायचं तर एवढं बारकाईनं मी त्या पानांकडे कधी पाहिलंच नव्हतं. राग त्याचाही आला. पण मुख्य राग एक्क्याचा. नावाला एक, मान सगळ्यांत वरचा. सिक्वेन्समध्ये राजाच्या डोक्यावर बसतो आणि गरज पडली की दुर्रीच्या खालीही जाऊन बसतो. राजाला ही सोय नाही. राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री म्हणा, लोक हसतात. आयुष्यभर दुसरा नंबर, आणि हरला की "राजे होते ना तुझ्याकडे?" हे वर.

माझी खुर्ची रिकामी झाली म्हणून मेहुण्याला बसवलं. पहिल्याच डावात तो ओरडला, "राजा आलाय, हं!" सगळ्यांनी मुकाट्यानं पानं टाकली. त्यानं चिप्स ओढल्या आणि हात उघडला. किलवर राजा आणि चौवी.

"चालतो ना एक?" त्यानं मलाच विचारलं.